मोडनिंबच्या बारीला स्वतःचा अल्बम हवा

पुणे-सोलापूर महामार्गावर टेंभुर्णी मागे पडली की मोहोळच्या अलीकडे मोडनिंब लागतं. माढा तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. रस्त्याने जाणारे बहुतेक जण इथे चहापुरते थांबतात. लावणीच्या शौकिनांना मात्र मोडनिंब ठाऊक आहे ते इथल्या कला केंद्रांमुळे. संगीत बारीच्या पार्ट्या इथे मुक्कामाला असतात. रात्री लोक तिकीट काढून थिएटरात बसतात. पाळी आली की एकेक पार्टी मंचावर येते, मुजरा होतो आणि गाणी सुरू होतात. मागे पेटी, तबला, ढोलकी. पुढे पायांत चाळ बांधलेल्या बायका. नाचणाऱ्या त्याच आणि गाणाऱ्याही त्याच. मंचावरचा कार्यक्रम आटोपल्यावर ज्यांना निवांत ऐकायचं असतं त्यांच्यासाठी खोलीत बैठक बसते. तिथे घड्याळाकडे बघून कोणी गात नाही.

संगीताची अशी रीत जगात इतरत्रही आहे. अमेरिकेतल्या लहानमोठ्या शहरांत बार बँड असतात. मद्यालयात, खानावळीत, लग्नाच्या हॉलमध्ये रात्रीमागून रात्री वाजवणारी ही चार-पाच माणसं. त्यांचा श्रोता आठ हातांवर बसलेला असतो. तो फर्माईश करतो, कंटाळला तर उठून जातो, खूश झाला तर खिशात हात घालतो. त्याच्या चेहऱ्याकडे बघत पुढचं गाणं ठरवायचं, हेच त्या वादकांचं शिक्षण. बारीतल्या पेटीवाल्याचं आणि ढोलकीवाल्याचं शिक्षण नेमकं असंच झालेलं असतं. फरक पडतो तो पुढे. तिकडचा बरा बँड काही वर्षं वाजवून झाला की स्वतःची गाणी घेऊन अल्बम काढतो, गावचं वर्तमानपत्र त्याची बातमी छापतं आणि तो आवाज त्या खानावळीच्या भिंतींपलीकडे जातो. मोडनिंबच्या पार्टीने तिच्या मालकिणीच्या नावाने अल्बम काढला, अशी बातमी सोलापूरच्या वाचकाला एव्हाना सवयीची व्हायला हवी होती. तशी ती झालेली नाही. या जिल्ह्यातल्या संगीताचं हे मोठं नुकसान आहे, आणि ते अजूनही भरून काढता येण्याजोगं आहे.

संगीत बारी आणि ढोलकीफडाचा तमाशा यांत अनेकांची गल्लत होते. फडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी, वग असतो, सोंगाड्या असतो, तंबू आणि ट्रक असतात. बारीत नाट्य नाही. सगळा भार गाण्यावर आणि अदेवर. पार्टीची मालकीण बाई असते. तिच्या बहिणी, मुली, भाच्या तिच्याबरोबर उभ्या राहतात आणि वादक तिच्याकडे कामाला असतात. कलेचा व्यवसाय बायकांच्या नावावर चालण्याची ही महाराष्ट्रातली दुर्मीळ जागा आहे. तिकिटाच्या उत्पन्नात थिएटरमालकाचा वाटा असतो. श्रोते खूश होऊन जे पैसे देतात त्याला दौलतजादा म्हणतात, आणि पार्टीची खरी भिस्त त्यावर असते.

आता यातलं संगीत बघा. बैठकीची लावणी ही बसून, सावकाश मांडायची गोष्ट आहे. एकच ओळ गायिका पुन्हा पुन्हा घेते. दर वेळी डोळ्यांचा, मनगटाचा, पदराचा भाव बदलतो आणि त्याबरोबर सुरांची जागाही बदलते. पेटीवाला तिच्या श्वासावर लक्ष ठेवून असतो. ती ओळ लांबवणार हे त्याला तिच्या खांद्यावरून कळतं. ढोलकीवाला आधी मागे राहतो, मग एखाद्या तोड्यावर तिला उचलतो आणि पुन्हा मागे जातो. त्याच मैफिलीत जुन्या शाहिराची लावणी होते, गझल होते, ठुमरीच्या अंगाचं काही होतं आणि फर्माईश आली तर गेल्या महिन्यातलं सिनेमाचं गाणंही होतं. ते गाणं बारीत आलं की बारीचं होऊन जातं: ठेका बदलतो, मधले तुकडे ढोलकीला मिळतात, शेवटची ओळ हवी तितकी ताणली जाते. बाहेरून आलेलं पचवून आपल्या अंगानं वाजवण्याची ही हातोटी जगातल्या कुठल्याही चांगल्या बँडकडे असावी लागते. ती इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे.

रेकॉर्डवर मात्र हे जवळपास आलंच नाही. ११ नोव्हेंबर १९०२ रोजी कलकत्त्यात गौहरजानचं ध्वनिमुद्रण झालं आणि हिंदुस्थानी गाणं तबकडीवर आलं. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेली लावणी याच मापाची होती. स्टुडिओत वाद्यवृंद बसवून, कोरस घालून, सिनेमासाठी बांधलेली. सुलोचना चव्हाणांनी ती ज्या ठसक्यात गायली त्याला तोड नाही. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या गेल्या. त्या बारीतल्या नव्हत्या, नाचल्या नाहीत, केवळ आवाजावर लावणीसम्राज्ञी झाल्या. त्यांचं श्रेय कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण लावणी म्हणजे तीन मिनिटांचं चटकदार गाणं, ही समजूत तबकडीने आणि सिनेमाने पक्की केली. पंधरा-वीस मिनिटं चालणारी, श्रोत्याला हळूहळू आत ओढणारी लावणी खोल्यांतच राहिली. वाईच्या यमुनाबाई वाईकरांसारख्या थोर गायिकेला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१२ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली वयाची शंभरी ओलांडून त्या गेल्या. इतक्या दीर्घ आयुष्याच्या आणि इतक्या मोठ्या विद्येच्या मानाने त्यांचं किती गाणं सामान्य माणसाला विकत घेऊन किंवा फोनवर लावून ऐकता येतं, याचा विचार केला तर वाईट वाटतं.

सोलापूर जिल्ह्याला हे अधिक लागायला हवं, कारण या मातीतून निघालेली नावं पाहिली तर छाती दडपते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात जन्मलेला राम जोशी घरची वैदिक विद्वत्ता बाजूला ठेवून तमाशाच्या फडात शिरला आणि मराठी लावणीला त्याने संस्कृतप्रचुर शब्दकळेचं नवं वळण दिलं. त्याच्या आयुष्यावर १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट निघाला. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर त्यात होते, संगीत वसंत देसाईंचं. राम जोशीच्या रचना छापील आहेत. तो आणि त्याची साथीदार बयाबाई त्या कशा गात, याचा मागमूस उरलेला नाही. त्या काळात उरणं शक्यही नव्हतं. पण बार्शीचे अमर शेख १९१६ चे, यंत्रयुगातले. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लालबावटा कलापथकातून त्यांनी गिरण्यांच्या दारात, मैदानांवर, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत हजारोंना आपल्या आवाजाने धरून ठेवलं. तो आवाज नोंदवून ठेवणं शक्य होतं. विठाबाई नारायणगावकरांचं नाव नारायणगावशी जोडलेलं असलं, तरी त्यांचा जन्म १९३५ सालचा, पंढरपुरातला. नावही विठ्ठलावरून आलेलं. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेल्या या कलावतीचा फड भर जोमात असताना तो पूर्ण रात्रभराचा, आरंभापासून शेवटच्या आरतीपर्यंत, ध्वनिमुद्रित करून ठेवावा असं ज्यांच्या हाती साधनं होती त्यांना वाटायला हवं होतं.

एकदा मात्र दार उघडलं होतं. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. लहान कंपन्या निघाल्या आणि ज्यांना स्टुडिओची पायरी चढायला मिळत नव्हती ती माणसं गाऊ लागली. मंगळवेढ्याशी नाळ असलेलं शिंदे कुटुंब हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. प्रल्हाद शिंदे कव्वालीच्या मुकाबल्यांत आणि भीमगीतांच्या जलशांत तयार झालेले गायक. त्यांचा आवाज पंढरीच्या वाटेवरच्या प्रत्येक टपरीवर, एसटी स्टँडच्या प्रत्येक कॅसेटवाल्याकडे वाजत असे आणि आजही आषाढीला वाजतो. त्यांचे चिरंजीव आनंद आणि मिलिंद यांनी तो वारसा पुढे नेला. आनंद शिंद्यांच्या ‘नवीन पोपट’ने तर कॅसेटच्या जमान्यात धुमाकूळ घातला. नातू आदर्श आज चित्रपटांत गातो. तीन पिढ्या गाणाऱ्या या घराकडे बघून एक गोष्ट स्पष्ट दिसते: मैफिलीत तयार झालेल्या आवाजाला स्वस्त आणि सहज मिळणारं ध्वनिमुद्रण लाभलं की तो कोणाच्या शिफारशीवाचून घराघरांत जातो. तुळजाभवानीच्या आराधी मेळ्यांची गाणीही त्याच कॅसेटच्या लाटेवर सोलापूर-धाराशिवच्या गावागावांत पोचली. बारीच्या बायकांना त्या लाटेचा वाटा फार थोडा मिळाला. त्यांच्या गाण्याकडे बघण्याच्या समाजाच्या नजरेचा यात मोठा हात आहे, हे मान्य करायला हवं.

दूरचं एक उदाहरण इथे फार उपयोगी आहे. १९७३ साली पूर्व लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वस्तीतल्या काही तरुणांनी ‘लॉस लोबोस’ नावाचा बँड काढला. शाळेत ती मुलं रॉक वाजवत. मग त्यांना वाटलं, घरात आईवडील जी मेक्सिकोची लोकगाणी ऐकतात ती आपल्याला का येत नाहीत? त्यांनी जुनी तंतुवाद्यं मिळवली, चाली शिकून घेतल्या आणि पुढची कितीतरी वर्षं लग्नांत, समारंभांत, मेक्सिकन खानावळींत ती वाजवली. १९७८ साली त्यांनी स्वतःच्या जोरावर पहिली तबकडी काढली. तिचं नाव ‘पूर्व लॉस एंजेलिसचा आणखी एक बँड’ अशा अर्थाचं होतं. नंतर त्यांनी विजेची गिटार पुन्हा हाती घेतली, १९८४ च्या अल्बमने समीक्षकांची दाद मिळवली आणि १९८७ साली ‘ला बाम्बा’ या चित्रपटासाठी गायलेलं त्याच नावाचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मुळात ते गाणं मेक्सिकोच्या व्हेराक्रुझ भागातलं लोकगीत आहे.

खरी गोष्ट त्यापुढची आहे. एवढं यश मिळाल्यावर कंपनीला त्याच साच्यातला दुसरा अल्बम हवा असणार. लॉस लोबोसने १९८८ साली काढला तो विजेच्या वाद्यांविना, निव्वळ मेक्सिकन लोकसंगीताचा अल्बम. खानावळीत वर्षानुवर्षं वाजवलेलं संगीत त्यांनी नावलौकिकाच्या शिखरावर असताना रेकॉर्ड केलं, आणि त्याला ग्रॅमी मिळालं. त्या अल्बममुळे पुढच्या पिढीला ती वाद्यं आणि त्या चाली आपल्या वाटल्या. सोलापूरच्या एखाद्या तरुण गिटारवाल्याने हा अल्बम शांतपणे ऐकावा.

आपल्याकडेही वाट दाखवणारे आहेत. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ने १ जानेवारी १९९७ रोजी मंडी हाउसला ‘सहमत’ या संस्थेच्या कार्यक्रमात जे वाजवलं तेच ‘डेझर्ट रेन’ नावाने अल्बम म्हणून निघालं. स्टुडिओ नाही, पुन्हा पुन्हा घेतलेले टेक नाहीत. रस्त्यावरची मैफल जशी झाली तशी. तीन वर्षांनी आलेल्या ‘कंदिसा’मधलं ‘मा रेवा’ हे नर्मदाकाठचं गाणं आज देशभर तरुणांना पाठ आहे. कर्नाटकात रघू दीक्षितने शिशुनाळ शरीफांची पदं २००८ सालच्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये गिटारच्या साथीने गायली आणि एकोणिसाव्या शतकातला तो संतकवी बंगळूरच्या कॉलेजांत पोचला. शरीफांची पदं अक्कलकोट-दक्षिण सोलापूरच्या कन्नड बोलणाऱ्या घरांना नवी नाहीत, म्हणजे ही उदाहरणं आपल्या उंबऱ्याबाहेरची म्हणून सोडून देता येणार नाहीत. मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ने तर पंढरीच्या वाटेवरचे अभंग ड्रम, बास आणि गिटारवर आणले, कॉलेजच्या पोरांना तुकोबांच्या शब्दांवर उड्या मारताना पाहून अनेक जाणत्या वारकऱ्यांनाही आनंद झाला असेल.

गोव्याची गायिका लॉर्ना आणि वादक-संगीतकार ख्रिस पेरी यांची कहाणी याच पंक्तीतली. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईच्या नाइट क्लबांत ते जॅझ वाजवत आणि दिवसा एचएमव्हीसाठी कोकणी गाणी रेकॉर्ड करत. पुढे लॉर्ना कितीतरी वर्षं गाण्यापासून दूर राहिली. तरी गोव्याच्या लग्नांत तिचं गाणं थांबलं नाही, कारण ते तबकडीवर होतं. २०१४ साली ‘नाचूं-या कुंपासार’ हा चित्रपट त्या काळावर निघाला तेव्हा नव्या पिढीने ती गाणी डोक्यावर घेतली. क्लब गेले, बँड मोडला, माणसं दुरावली, रेकॉर्ड राहिली.

महाराष्ट्रात ‘बार’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वेगळंच काही येतं. २००५ साली डान्स बारवर बंदी आली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, पुढे कायदा बदलला, पुन्हा न्यायालयात गेला. या सगळ्या गदारोळात ऑर्केस्ट्रा बारमधल्या वादकांची कोणी दखल घेतली नाही. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, एक गायक, एक गायिका. रात्रभर सिनेमाची गाणी. महामार्गांलगत अशी शेकडो माणसं वाजवतात. त्यांच्यातले काही उत्तम वादक आहेत आणि त्यांच्या बोटांत हजारभर गाणी आहेत, पण त्यांतलं एकही त्यांचं स्वतःचं नाही. हीच माणसं आणि बारीतले वादक एका खोलीत बसले तर काय होईल, याची कल्पनाही उत्साह वाढवणारी आहे.

कारण सोलापूरकडे ठेक्यांची श्रीमंती आहे. मकर संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा हलगीचा जो कडकडाट असतो तो ज्याने एकदा अंगावर घेतला त्याला ड्रमचं आकर्षण वाटलं तरी न्यूनगंड वाटू नये. मंगळवेढ्याजवळ हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाच्या यात्रेत पालख्यांच्या भेटी होतात आणि धनगरी ढोल एकमेकांना उत्तरं देतात. तुळजापूरचा संबळ तासाभराच्या अंतरावर. पंढरपुरात टाळ-पखवाज आणि भारूड. शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत बोलली जाते. विडी कामगार आणि यंत्रमागाच्या वस्त्यांतली गाणी तेलुगूत, सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये, दर्ग्यातली कव्वाली उर्दूत. मातीतलं रॉक संगीत वाजवण्यासाठी एखाद्या शहराला आणखी काय लागतं? मोठ्या शहरांतले बँड लोकसंगीताच्या शोधात गावोगाव फिरतात. सोलापूरच्या पोराला त्यासाठी रिक्षाने जाण्याइतकंच अंतर आहे.

तरीही पहिला अल्बम तरुण रॉक बँडचा नको, बारीचा हवा. गिटार नंतर येऊ दे. आधी मूळ आवाज त्याच्या पूर्ण लांबीत, त्याच्या धन्याच्या नावाने नोंदला गेला पाहिजे. मग त्याच्याबरोबर कोणाला वाजवायचं असेल त्याने खुशाल वाजवावं. क्रम उलटा झाला तर जे नेहमी होत आलं तेच होईल. चाल बारीची, नाव दुसऱ्याचं.

घाई करण्याचं कारणही आहे. लावणीच्या नावाने आज गावोगाव जे कार्यक्रम होतात त्यांतल्या कितीतरी ठिकाणी ढोलकीवालाच नसतो. पेन ड्राइव्हवरचा ट्रॅक लावतात आणि त्यावर नाच होतो. नाचणाऱ्या मुलींच्या मेहनतीबद्दल आदरच आहे. पण ट्रॅक थांबत नाही, ओळ लांबवत नाही, कोणाच्या खांद्याकडे बघत नाही. ज्या वादकाची रोजची बिदागी त्यामुळे गेली त्याने आपल्या मुलाला ढोलकी शिकवावी अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? पेटीवर बैठकीची लावणी धरू शकणारे जुने वादक थकत चालले आहेत, आणि त्यांची विद्या कुठल्याही पुस्तकात नाही.

काही लोकांनी या क्षेत्रात मनापासून काम केलं आहे. सावित्री मेधातूल यांचा ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट आणि भूषण कोरगावकरांचं ‘संगीत बारी’ हे २०१४ सालचं पुस्तक यांनी या बायकांचं जग सन्मानाने समोर आणलं. त्यांनीच पुढे ‘संगीत बारी’ याच नावाचा रंगमंचीय प्रयोग केला आणि शकुंतलाबाई नगरकरांसारख्या कलावतींची बैठक नाट्यगृहातल्या श्रोत्यांनी पाहिली. अकलूजच्या लावणी स्पर्धेने नव्वदच्या दशकापासून पार्ट्यांना मोठा मंच आणि प्रतिष्ठा दिली, हेही सोलापूर जिल्ह्याचंच श्रेय. राज्य शासन विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. हे सगळं चांगलं आहे. मात्र पुस्तक वाचायचं असतं, स्पर्धा पाहायची असते आणि पुरस्कार एका संध्याकाळी संपतो. गाणं रोज ऐकायला मिळालं तरच ते रोजच्या जगण्यात येतं.

अल्बमला विरोध करणारेही प्रामाणिक असू शकतात. बैठकीची लावणी अर्धी डोळ्यांत असते, ती नुसत्या आवाजात कशी पकडणार, असं ते म्हणतील. म्हणणं खरं आहे, काही हरवणारच. पण बालगंधर्वांचा अभिनय हरवला म्हणून त्यांच्या तबकड्या कोणी टाकून दिल्या नाहीत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या बायकांनी समाजाकडून जे सोसलं ते करमाळा तालुक्यातल्या किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ या १९९४ सालच्या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. ते वाचल्यावर या कलेचं भाबडं कौतुक करता येत नाही. एखादीला आपलं नाव आणि चेहरा अल्बमवर नको असेल, मुलांच्या शाळेत ते कळू नये असं वाटत असेल, तर तो तिचा हक्क आहे. घरात जपलेली एखादी लावणी बाहेर जाऊ नये असंही कोणाला वाटेल. काय रेकॉर्ड करायचं, काय नाही आणि कोणत्या नावाने, हे मालकीण आणि तिची पार्टी ठरवेल. बाहेरच्यांनी फक्त माइक लावायचे.

आणि पैशाचा हिशेब आधी लिहून घ्यायचा. भारतीय कॉपीराइट कायद्यात कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर पन्नास वर्षांचा हक्क आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापर झाला तर रॉयल्टी मागण्याचा अधिकारही आहे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षांचा. जुन्या शाहिरांच्या रचना सर्वांच्या असल्या, तरी मोडनिंबमध्ये एखादीने ती ज्या पद्धतीने गायली ते गाणं तिचं आहे. एकरकमी पैसे देऊन कोऱ्या कागदावर अंगठे घेण्याची जुनी पद्धत इथे चालता कामा नये. करार मराठीत असावा, वाचून दाखवावा, आणि पेटीवाल्यापासून चाळवालीपर्यंत प्रत्येकाचा वाटा त्यात असावा.

काम फार खर्चिक नाही. थिएटर तयार आहे, कलाकार तिथेच राहतात, श्रोते रोज येतात. लागतील ते आठ-दहा चांगले माइक, सगळ्या वाद्यांचा आवाज वेगवेगळा नोंदणारं यंत्र आणि ढोलकीच्या चाटीचा आवाज कसा उतरवायचा हे कळणारा ध्वनिमुद्रक. चार-पाच रात्री सलग नोंद करावी, श्रोत्यांची दाद आणि फर्माइशी राहू द्याव्यात, आवाज यंत्राने सुरात ओढू नयेत, लावणी अठरा मिनिटांची झाली तर अठरा मिनिटांची ठेवावी. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने या कामाला पाठबळ द्यावं, आकाशवाणीच्या सोलापूर केंद्राने आपल्या संग्रहातली लोकसंगीताची जुनी मुद्रणं त्यासोबत बाहेर काढावीत. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांनी आणि चादर-टॉवेलच्या उद्योजकांनी यात्रेतल्या कमानींवर जो खर्च होतो त्यातला थोडा इकडे वळवावा.

प्रकाशन हुतात्मा स्मृती मंदिरात व्हावं, रीतसर तिकीट लावून. मंचावर पाहुण्यांच्या खुर्च्या नकोत. पार्टीने बसावं आणि अल्बममधली निदान एक लावणी पूर्ण करावी. अल्बमच्या वेष्टणावर मालकिणीचं नाव सर्वांत वर, मग गाणाऱ्या, नाचणाऱ्या, मग पेटी, तबला, ढोलकी वाजवणारे, प्रत्येक जण पूर्ण नावानिशी, आणि त्यांच्या उस्तादांचीही नावं. फोनवर ऐकण्यासाठी तो सगळीकडे असावा. मोडनिंबच्या थिएटरच्या तिकीटखिडकीवर त्याच्या पेन ड्राइव्हही ठेवाव्यात, कारण ट्रकवाले आणि ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवाले गाणी तशीच ऐकतात, आणि बारीचा सर्वांत जुना, सर्वांत इमानी श्रोता तोच आहे. विक्रीचा हिशेब दर तीन महिन्यांनी पार्टीच्या हातात पडावा. दुसरा अल्बम दुसऱ्या पार्टीचा असावा, आणि तिसऱ्याच्या वेळेपर्यंत सोलापुरातल्या एखाद्या गिटारवाल्याने आणि हलगीवाल्याने मोडनिंबला जाऊन मालकिणीची परवानगी मागितलेली असावी.